चालू फोन दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवर नेताय? या चुका टाळा

सिम बदललं की काम झालं, असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा होतंही. घोटाळा होतो तो कामांचा क्रम उलटा लागला की.

सगळ्यात महागात पडते ती घाई म्हणजे जुनं कनेक्शन आधीच बंद करून टाकणं. नंबर तोच हवा असेल तर पोर्टिंग (नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं) पुरं होईपर्यंत तो चालू राहायलाच हवा. विनंती नव्या कंपनीकडे करायची. ती अडकली तर आधी थकीत बिल पाहा, मग दोन्हीकडच्या नोंदींत नाव आणि बाकीचे तपशील जुळतात का ते.

त्याहीआधी फोन तपासा. कंपनीकडून हप्त्यांवर घेतलेला फोन अनेकदा तिच्याच नेटवर्कला बांधलेला, म्हणजे लॉक केलेला, असतो. स्क्रीन लॉकशी याचा संबंध नाही. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये 'जनरल' आणि मग 'अबाउट' उघडा. 'कॅरियर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसलं की प्रश्न मिटला. अँड्रॉइडवर सोपा उपाय म्हणजे घरातल्या कुणाचं तरी दुसऱ्या कंपनीचं चालू सिम घालून बघणं. फोन लॉक निघालाच तर ग्राहक असतानाच जुन्या कंपनीकडे अनलॉक मागा. अनलॉकचा कोड अंदाजाने टाकत बसू नका. प्रयत्न मोजके असतात.

लोकांना सर्वात जास्त चकवतं ते हे: नेट सुसाट चालतं, पण कॉल लागत नाही. 'फोरजी फोन आहे' एवढं पुरत नाही. नवी कंपनी ज्या बँडवर (रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवर) चालते ते बँड फोनमध्ये हवेत आणि व्होल्टीही (फोरजीवरूनच कॉल करण्याची सोय) हवं. जुनी नेटवर्क बंद झालेल्या ठिकाणी (अमेरिकेतल्या तीन मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी गुंडाळलं) व्होल्टीशिवाय साधा कॉलही होत नाही. त्यात काही कंपन्या ठरावीक मॉडेललाच व्होल्टी देतात, त्यामुळे फोनमध्ये सोय असूनही ती बंदच राहते. म्हणून *#०६# डायल करून १५ अंकी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा आणि तो देऊन नव्या कंपनीकडून खात्री करून घ्या. दुकानदाराच्या 'चालेल हो' वर जाऊ नका.

उलट प्रकार, म्हणजे कॉल होतात पण नेट नाही, असं असेल तर बहुधा एपीएन (फोनला कंपनीच्या नेटशी जोडणारी सेटिंग) चुकलेलं असतं. कंपनीने दिलेलं एपीएन अक्षर न अक्षर भरा आणि फोन बंद करून चालू करा. आयफोनमध्ये जुन्या कंपनीचं प्रोफाइल राहिलं असेल तर ते काढा. नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करणं हा शेवटचा उपाय, कारण त्यात वायफायचे सगळे पासवर्ड पुसले जातात.

ई-सिम (कार्डाऐवजी फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम) घेणार असाल तर हाताशी वायफाय ठेवा. नवं नीट चालेपर्यंत जुनं डिलीट करू नका. ई-सिम उतरवायचा क्यूआर कोड अनेकदा एकदाच चालतो.

नंबरच बदलणार असेल तर बँक, ईमेल आणि ओटीपी येणारी बाकी सगळी खाती जुनं सिम जिवंत असतानाच नव्या नंबरवर वळवा. जुन्या सिमवर साठवलेले संपर्कही तेव्हाच फोनमध्ये उतरवून घ्या. सिमचा पिन तीनदा चुकला की पीयूके (सिम पुन्हा उघडायचा कंपनीचा कोड) मागितला जातो, आणि तो दहादा चुकला की सिम कायमचं बाद.