लोअर केलेली गाडी टायर खाते तेव्हा

लोअर केलेली, म्हणजे मूळ उंचीपेक्षा खाली उतरवलेली गाडी अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवायला आली की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "कॅम्बर बघा जरा, टायर आतून खातेय." कॅम्बर म्हणजे समोरून बघितल्यावर चाकाचा आत-बाहेर झुकाव. मी मशीनकडे नंतर जातो, आधी टायरकडे. ट्रेडवर, म्हणजे टायरच्या नक्षीवर, तळवा आडवा फिरवायचा, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवल्यासारखं लागलं, तर दोष टोचा आहे, म्हणजे वरून बघितल्यावर चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली आहेत. दोन्ही दिशांनी सारखंच लागतंय आणि फक्त आतली कड उतरलीय, तर कॅम्बरवर संशय घ्यायला हरकत नाही. बऱ्याचदा दोन्ही असतं, पण टायर लवकर संपवतो तो टो.

कारण सरळ आहे. उणे दीड अंश कॅम्बर असलेलं चाक वरून आत झुकलेलं असतं, पण गाडीच्या दिशेनेच फिरतं. टो बिघडलेलं चाक मात्र एकीकडे बघतं आणि दुसरीकडे ओढलं जातं, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात रबर रस्त्यावर घासलं जातं. कॅम्बर उणे असल्यामुळे भार आतल्या कडेवर असतोच, म्हणून ती घासणीही तिथेच दिसते आणि नाव कॅम्बरचं खराब होतं. टो नीट असेल तर उणे एक ते दीड अंशावर रोजच्या गाडीचा टायर व्यवस्थित चालतो. हजारो रुपयांची कॅम्बर किट घेण्याआधी एवढं ध्यानात ठेवा.

उंची उतरली की काय हलतं

ते सस्पेन्शनच्या प्रकारावर आहे, म्हणून आधी गाडीखाली वाकून बघा.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला उभा खांब, खाली एक आर्म) असेल, तर मूळ उंचीला लोअर आर्मचं चाकाकडचं टोक बहुधा थोडं खाली असतं. गाडी उतरली की आर्म आडवा होत जातो, बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा चाकाकडचा सांधा) बाहेर ढकलला जातो आणि कॅम्बर उणे बाजूला सरकतो. ३० मिमी उतरवल्यावर अर्धा ते एक अंश फरक पडला तर मला नवल वाटत नाही. पण आणखी उतरवून आर्म आडव्याच्या पुढे गेला, चाकाकडचं टोक वर आलं, की गणित उलटं फिरतं. वळणावर सस्पेन्शन दबलं की कॅम्बर वाढायच्या ऐवजी कमी होतो. शिवाय रोल सेंटर (वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) बॉडीपेक्षा जास्त खाली घसरतं, म्हणून गाडी खाली बसूनही वळणावर जास्त झुकते आणि मालक स्प्रिंगला दोष देतो.

डबल विशबोनमध्ये (वर-खाली दोन आर्म) वरचा आर्म आखूड असतो, तिथे जितकं उतरवाल तितका उणे कॅम्बर वाढत जातो. मागच्या मल्टिलिंकचंही (अनेक दांड्यांचं सस्पेन्शन) साधारण असंच, आणि सोबत टोही हलतो. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारी, पिळ खाणारी आडवी तुळई) असेल तर उंचीमुळे कॅम्बर जवळपास बदलत नाही. तशा गाडीचा मागचा टायर आतून गेला असेल तर लोअरिंगला सोडा, बीम वाकलाय का ते तपासा. मागे सरळ अ‍ॅक्सल आणि पॅनहार्ड रॉड (त्याला आडवा धरून ठेवणारा दांडा) असेल तर अख्खा अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. दोन्ही बाजूंनी चाक आणि फेंडरमधलं अंतर मोजलं की कळतं. उपाय म्हणजे लांबी बदलता येणारा रॉड.

टो हलतो तो टाय रॉड (स्टीअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) आणि लोअर आर्म वेगवेगळ्या कमानींत फिरतात म्हणून. कोणत्या बाजूला हलेल ते स्टीअरिंग रॅक कुठे बसवलीय यावर ठरतं, म्हणून "लोअर केलं की टो-आउट होतो" (चाकं पुढून बाहेर वळतात) असं सरसकट कुणी सांगितलं तर मान डोलवू नका, मोजा. नाक शेपटीपेक्षा जास्त उतरवलं तर कॅस्टरही (बाजूने बघितल्यावर स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव) थोडा कमी होतो आणि स्टीअरिंग स्वतःहून सरळ व्हायला आळस करतं.

मशीनवर नेण्याआधी

बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, व्हील बेअरिंग यांत खेळ (ढिलेपणा) असेल तर अलाइनमेंट करूच नका. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे धरून हलवा. खटखट आली तर आधी ते पार्ट.

यानंतरची गोष्ट बहुतेकजण सोडून देतात. आर्मच्या रबरी बुशची आतली नळी बोल्टने घट्ट धरलेली असते आणि रबर पिळ खाऊन काम करतं. स्प्रिंग बदलताना चाक लटकत असताना ते बोल्ट आवळले, तर गाडी खाली टेकल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. उंची थोडी वर अडकते आणि बुश लवकर फाटते. म्हणून आर्मचे बोल्ट फक्त अडकवून ठेवा, गाडी चाकांवर उभी करा, मग कंपनीने दिलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळा. खाली हात पोचत नसेल तर चारही चाकं रॅम्पवर चढवा.

नव्या स्प्रिंग बसायला थोडा वेळ घेतात. त्याच दिवशी शेवटचं अलाइनमेंट करून घेण्यात अर्थ नाही. पण तोवर टो तसाच ठेवून हिंडायचं, असंही नाही. पहिल्या दिवशी नुसता टो शून्याजवळ आणा, काही शे किलोमीटर चालवा, मग उंची पुन्हा मोजून पूर्ण अलाइनमेंट करा. उंची मोजायची ती चाकाच्या केंद्रापासून फेंडरच्या कडेपर्यंत, जमिनीपासून नव्हे, म्हणजे टायरची हवा मध्ये येत नाही. एकाच अ‍ॅक्सलवर डाव्या-उजव्यात ५ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर आधी तो शोधा. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारी स्प्रिंग-शॉकची जोडी) असतील तर उंची पक्की करूनच पुढे जा. नंतर उंची लावायची कॉलर एक फेरा जरी फिरवली तरी अलाइनमेंट पुन्हा करावं लागतं.

घरच्या घरी मोजायचं तर

जमीन सपाट हवी आणि हवा चारही टायरांत ठरलेली हवी. गाडी जॅकवरून उतरवली असेल तर थोडी पुढे-मागे ढकला आणि बंपर दोन-तीनदा दाबून सोडा, नाहीतर टायर रस्त्याला चिकटून राहतात आणि आकडे खोटे येतात.

कॅम्बरसाठी ओळंबा पुरतो. चाकाच्या मध्यातून जाईल असा दोरा सोडा आणि रिमच्या वरच्या व खालच्या ओठापासून दोऱ्यापर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही अंतरांतल्या फरकाला त्या दोन बिंदूंमधल्या उभ्या अंतराने भागा आणि ५७.३ ने गुणा. समजा ओठ ते ओठ ४२० मिमी आहे आणि वरचं अंतर ११ मिमीने जास्त आलं, तर उत्तर दीड अंश. वर जास्त म्हणजे चाक आत झुकलंय, उणे कॅम्बर.

टोसाठी गाडीच्या दोन्ही अंगांना, हबच्या (चाकाच्या केंद्राच्या) उंचीवर, पुढून मागे दोरे ताणा. पुढच्या दोन्ही हबांपासून दोऱ्याचं अंतर एकमेकांना सारखं, मागच्या दोन्हींचं एकमेकांना सारखं. पुढचं-मागचं अंतर वेगळं येऊ शकतं, कारण चाकांमधली रुंदी सहसा वेगळी असते. स्टीअरिंग सरळ बांधून ठेवा. आता प्रत्येक रिमच्या पुढच्या आणि मागच्या ओठापासून दोऱ्यापर्यंत मोजा. पुढचं अंतर जास्त तर टो-इन, कमी तर टो-आउट. १६ इंची रिमवर ०.१ अंश म्हणजे सुमारे ०.७ मिमी, त्यामुळे साध्या फूटपट्टीने भांडण मिटत नाही, पोलादी बारीक पट्टी घ्या आणि तीच मोजणी पुन्हा करून बघा.

कॅम्बर आणायचा कशाने

पुढे उणे दीडपर्यंत आणि मागे उणे दोनपर्यंत असेल, आणि डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशाहून कमी फरक असेल, तर रोजच्या गाडीत मी काही बदलत नाही. मशीनवर आकडा लाल दिसतो कारण तिच्यात मूळ उंचीची मर्यादा भरलेली असते. तो लाल रंग हिरवा करण्यासाठी कॅम्बर ओढून आणायची गरज नाही. टो मात्र हिरवाच हवा.

त्यापुढे गेलं असेल तर स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) दोन बोल्टने जोडलेल्या गाडीत सगळ्यात सोपा मार्ग कॅम्बर बोल्ट. वरच्या बोल्टच्या जागी हा फुगीर पोटाचा बोल्ट बसतो आणि फिरवला की नकल झुकतं. साधारण दीड अंशापर्यंत काम होतं. त्याचा दांडा मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो, म्हणून टॉर्क त्याच्या पाकिटावर लिहिलेलाच द्या. नकल स्ट्रटला पट्ट्यासारखं आवळणाऱ्या गाडीत तो चालत नाही, तिथे वरच्या माउंटच्या जागी कॅम्बर प्लेट लागते. ती खडखडाट आणते हे आधीच माहीत असू द्या. डबल विशबोनला लांबी बदलणारा वरचा आर्म, मल्टिलिंकला तसा मागचा आर्म. मागे कॅम्बरचा आर्म बदलला की टोचा समायोजक पुरेल का तेही बघा. स्ट्रटची भोकं कानशीने लांबट करून घेणारे असतात. मी ते करत नाही. एका खोल खड्ड्यात सेटिंग सरकतं.

गाडी खूप उतरवली असेल आणि उंचवट्यावर स्टीअरिंग हातात झटका देत असेल, तर उभ्या गाडीत टो कितीही अचूक केलात तरी उपयोग नाही, चाक वर-खाली होतानाच तो बदलतोय. समोरून बघितल्यावर टाय रॉड आणि लोअर आर्म जवळपास एकाच कलात दिसले पाहिजेत. तसे दिसत नसतील तर लांब दांड्याचा बॉल जॉइंट आणि त्याच्या जोडीचा टाय रॉड एंड एकत्रच बसवा. एकटा बॉल जॉइंट बदललात तर दोघांचा कल आणखी फाकतो.

क्रम, आणि मशीनवाल्याकडे काय मागायचं

मागची चाकं आधी, पुढची नंतर. प्रत्येक टोकाला कॅम्बर आधी, टो शेवटी, कारण कॅम्बर हलला की टो हलतोच. पुढे कॅस्टर बदलता येत असेल तर तो सगळ्यात आधी. मागचा टो डावी-उजवीकडे असमान राहिला तर गाडी तिरकी चालते आणि सरळ जायला स्टीअरिंग वाकडं धरावं लागतं. पुढचं कितीही जुळवा, ते जात नाही. म्हणून "फक्त पुढचं करून द्या" म्हणू नका, चारही चाकांचं सांगा.

रोजच्या गाडीला पुढचा एकूण टो शून्य ते ०.१ अंश टो-इन, मागचा ०.१ ते ०.२ अंश टो-इन, हे माझं ठरलेलं. कंपनीचा आकडा हाताशी असेल तर तो घ्या. टाय रॉड दोन्ही बाजूंना सारखाच फिरवायचा, नाहीतर स्टीअरिंग मध्यावरून सरकतं. पूर्ण फेऱ्याला साधारण अर्धा अंश तरी बदलतो, तेव्हा शेवटी पाव फेऱ्याच्याही आत काम चालतं. चेकनट (टाय रॉड जागी पक्का करणारा नट) आवळताना रॉड धरून ठेवा, तो सोबत फिरतो.

मोजणीचा कागद मागा, आधीचा आणि नंतरचा दोन्ही. वाचताना बघा की आकडे दशांशात आहेत की अंश-मिनिटांत. १°३०′ म्हणजे दीड अंश, १.३ नव्हे.

मग रस्त्यावर. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ज्या चाकाचा कॅम्बर कमी उणे आहे किंवा कॅस्टर कमी आहे, त्या बाजूला ओढते. पुढच्या टोने ओढत नाही, फक्त स्टीअरिंग वाकडं दिसतं. आकडे बरोबर असूनही ओढतेच, तर पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा, टायर एकाच दिशेने फिरवायचे बनवलेले नसतील तर. ओढ बाजू बदलली की दोष टायरचा. गाडीत स्टीअरिंग अँगल सेन्सर असेल तर तो मशीनवरून उतरण्याआधी शून्यावर घ्यायला लावा, काचेमागे कॅमेरा असेल तर त्याचंही कॅलिब्रेशन करून घ्या. हेडलाइटचा झोतही उंचीबरोबर बदललेला असतो, तोही भिंतीवर टाकून लावून घ्या.