नाशिक ते नागपूर: अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

दोन शहरांमधील अंतर विचारले की बहुतेक जण किलोमीटरचा एकच आकडा सांगतात. प्रवास ठरवताना मात्र हवाई अंतर, रस्त्याचे अंतर आणि घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंत लागणारा वेळ या तिन्हींचा हिशेब वेगवेगळा करावा लागतो.

हवाई अंतर कागद-पेन्सिलीने काढता येते. नाशिक साधारण २०.० उत्तर अक्षांश व ७३.८ पूर्व रेखांशावर, तर नागपूर २१.१५ व ७९.१ वर आहे. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो; रेखांशाचा अंश ध्रुवांकडे आखडत जातो आणि आपल्या पट्ट्यात तो सुमारे १०४ किलोमीटर भरतो. म्हणजे उत्तर-दक्षिण फरक १२८ आणि पूर्व-पश्चिम फरक ५५१ किलोमीटर. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की सुमारे ५६५ किलोमीटर हे सरळ रेषेतील अंतर मिळते.

रस्ता सरळ रेषेपेक्षा किती लांबतो, हे वाटेतील भूगोलावर अवलंबून असते. नाशिक-पुणे हवाई अंतर सुमारे १६५ किलोमीटर असताना रस्ता २१० च्या आसपास जातो. नागपूरच्या बाबतीत धुळे-जळगाव-अकोला-अमरावती हा जुना मार्ग सातशेच्या जवळपास भरतो, तर सिन्नरजवळ समृद्धी महामार्गावर चढल्यास एकूण अंतर सुमारे ६०० वर येते, म्हणजे सरळ रेषेच्या फारच जवळ.

आता वेळ. समृद्धीवर मोटारीची वेगमर्यादा सपाट भागात ताशी १२० असली, तरी हिशेब सरासरी १०० नेच करावा. महामार्गावरचे साडेपाच-पावणेसहा तास, सिन्नरपर्यंतचा एक, दोन थांब्यांचा एक आणि नागपूर शहरातला अर्धा तास मिळून आठ तास होतात. निघण्यापूर्वी टाकी भरून, टायरमधील हवा तपासून घ्यावी. दुचाकीला या महामार्गावर प्रवेश नाही.

विमानाचा हिशेब अधिक फसवा असतो, कारण तिकिटावर फक्त उड्डाणाचा सव्वा-दीड तास दिसतो. त्यात ओझर विमानतळापर्यंतचा पाऊण तास, विमानतळावरचे दोन तास, उतरल्यावर सामानाचा अर्धा तास आणि सोनेगावहून शहरात जाण्याचा अर्धा तास मिळवल्यास बेरीज पाच-सव्वापाच तासांवर जाते. तरीही थेट विमान असेल तर तीनेक तास वाचतात. ते आठवड्याच्या कोणत्या वारी आहे, हे मात्र दिवस ठरवण्याआधीच पाहावे. थेट विमान नाही म्हणून मुंबई गाठायची ठरवल्यास कसारा घाट आणि ठाण्याची वाहतूक यांसाठी चार तास धरावे लागतात. मग दोन तास विमानतळावर, दीड तास हवेत आणि एक तास नागपुरात. ही बेरीज साडेआठ तासांची होते, म्हणजे मोटारीने गेलेला माणूस तोवर जेवायला बसलेला असतो.

नाशिककरांनी आपण कोणत्या टोकाला राहतो, हेही हिशेबात धरावे. नाशिकरोडच्या रहिवाशाला सिन्नर जवळ आणि ओझर लांब पडते. आडगाव-पंचवटीकडे हे नेमके उलटे असते, त्यामुळे एकाच शहरातील दोन घरांची उत्तरे तासाभराने वेगळी येऊ शकतात.