गाडी दुरुस्तीला देताना जुने भाग परत मागा

काही गॅरेजमध्ये न बदललेल्या भागाचेही पैसे बिलात लावले जातात आणि गाडी घरी आणल्यावर ते सिद्ध करणे फार अवघड होते. म्हणून गाडी सोडतानाच जॉब कार्डावर, म्हणजे गॅरेजने करायच्या कामांची नोंद असलेल्या कागदावर, ‘बदललेले भाग परत द्यावेत आणि अंदाजपत्रकाबाहेरचे काम फोनवर विचारल्याशिवाय करू नये’ असे लिहून घ्यावे व त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. तोंडी सांगणे पुरेसे नाही.

गाडी ताब्यात घेताना जुन्या भागासोबत नव्या भागाचे रिकामे खोकेही मागून घ्यावे, कारण त्यावरील पार्ट नंबर आणि छापील किंमत बिलाशी ताडून पाहता येते. ब्रेक पॅड बदलले असतील, तर जुन्या पॅडची जाडी मेकॅनिकसमोरच पाहावी. ते अजून चांगले जाड असतील, तर का बदलले हे तिथेच विचारावे. भाव जास्त वाटल्यास कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील सुट्या भागांच्या दुकानांत तोच पार्ट नंबर सांगून चौकशी करता येते.

बॅटरीच्या बाबतीत मात्र हा आग्रह धरू नये. जुनी बॅटरी परत दिली की नवीच्या किमतीत सूट मिळते. ही सूट बिलात धरली आहे का, एवढेच तपासावे.