एका लँडलाइनवर चार कॉर्डलेस हँडसेट: घरात नीट कसे बसवावेत

कोकणातल्या आमच्या घरी खळ्यात उभे राहिले की मोबाइलला रेंज मिळते आणि माजघरात शिरले की ती जाते. फायबरची जोडणी आली तेव्हा तिच्याबरोबर लँडलाइनचा क्रमांकही मिळाला. पण फोन ओटीवर आणि ब्याऐंशी वर्षांची आई मागच्या खोलीत, अशी स्थिती होती. घंटा ऐकली की ती लगबगीने उठायची आणि माजघराचा उंबरठा ओलांडेपर्यंत घंटा थांबलेली असायची. अशाच एका लगबगीत ती पडता पडता वाचली, तेव्हा एकाच लाइनवर चालणारा चार हँडसेटांचा कॉर्डलेस संच घेण्याचे आम्ही ठरवले.

घेण्यापूर्वी असे संच वापरणाऱ्या नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना त्यांचे अनुभव विचारले, आणि त्यानंतर तीन वर्षे संच स्वतः वापरला. आवाज तुटतो, हँडसेट तासाभरात मान टाकतो, फोन करणाऱ्याचे नाव दिसत नाही, वीज गेली की सगळे बंद पडते, याच तक्रारी सगळीकडे ऐकू आल्या. त्यांतल्या बहुतेकांचे मूळ संचात नसून बेस कुठे ठेवला, सेल कोणते घातले आणि विजेची सोय काय केली यांत असते, असे माझे ठाम मत झाले आहे. म्हणून खरेदीपासून देखभालीपर्यंतचा क्रम पुढे सविस्तर देत आहे.

खरेदीपूर्वी काय तपासावे

या संचाची रचना आधी समजून घ्यावी. टेलिफोनची लाइन फक्त एका डब्याला, म्हणजे बेसला जोडलेली असते. बाकीचे हँडसेट त्या बेसशी बिनतारी बोलतात आणि त्यांना आपापल्या चार्जरसाठी विजेचा एक पॉइंट पुरतो. पूर्वी एका लाइनवर तीन-चार साधे फोन समांतर जोडले की घंटा क्षीण होत असे. येथे लाइनवर भार एकट्या बेसचा असल्यामुळे तो प्रश्न उरत नाही. मात्र हँडसेट चार असले तरी लाइन एकच असते. माडीवर कोणी बोलत असेल तर स्वयंपाकघरातून दुसरा फोन लावता येत नाही. फार तर त्याच संभाषणात सामील होता येते. चार हँडसेट म्हणजे चार फोन, अशा समजुतीने संच घेतलेल्यांची निराशा मी पाहिली आहे.

हँडसेट किती हवेत हे खोल्या मोजून ठरवू नये, माणसे आणि त्यांच्या बसण्या-उठण्याच्या जागा पाहून ठरवावे. आमच्याकडे ओटी, स्वयंपाकघर, माडी आणि आईची खाट अशा चार जागा निघाल्या. वयस्कर माणसांसाठी मोठी बटणे, प्रत्येक हँडसेटचा आवाज स्वतंत्रपणे वाढवण्याची सोय आणि उजळ पडदा या गोष्टी प्रत्यक्ष हाताळून पाहाव्यात. सेल ट्रिपल ए आकाराचे असतील असाच संच निवडावा, कारण ते बाजारात सहज मिळतात. वेगळ्या आकाराचा बॅटरी पॅक असेल तर तो दोन वर्षांनी शोधत फिरावे लागते.

पुढे हँडसेट वाढवायचे झाल्यास ते त्याच कंपनीचे आणि त्या बेसला चालणारेच घ्यावेत. कोणताही हँडसेट कोणत्याही बेसला चालतो, असे आम्हाला एका दुकानात सांगण्यात आले होते. तसा एक आणून पाहिला, तेव्हा फोन लावणे व घेणे जमले. पण इंटरकॉम आणि नावांची यादी चालेना, आणि शेवटी तो परत करावा लागला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांचा मेळ बसावा म्हणून ‘गॅप’ नावाचा एक सामाईक नियम ठरलेला आहे, पण त्यात मूळ बोलण्यापुरतीच हमी असते.

परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांकडून संच मागवणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना आहे. डेक्ट हे कॉर्डलेस फोनच्या बिनतारी तंत्राचे नाव आहे. अमेरिकेत ‘डेक्ट ६.०’ या नावाने मिळणारे फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झ या लहरींवर चालतात. भारतात हाच पट्टा मोबाइल सेवेचा आहे. मोबाइलकडून टॉवरकडे जाणारे संदेश त्यावरून जातात. असा फोन येथे चालू केला तर आसपासच्या मोबाइल सेवेत अडथळा येतो, म्हणून तो कितीही चांगला आणि भेट म्हणून आलेला असला तरी येथे वापरू नये. त्याचा अ‍ॅडॉप्टरही बहुधा १२० व्होल्टसाठीचा असतो आणि आपल्या २३० व्होल्टच्या पॉइंटवर तो जळतो. युरोपातले डेक्ट फोन १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ वापरतात. आपल्याकडे त्या पट्ट्यातले आणि २.४ गीगाहर्ट्झचे असे दोन्ही प्रकार विकले गेले आहेत. घरात वाय-फाय असेल तर पहिला प्रकार घ्यावा, कारण वाय-फायचा एक पट्टा आणि मायक्रोवेव्ह हेही २.४ गीगाहर्ट्झवरच असतात.

पहिली पायरी: लाइन तपासणे आणि सेल भरणे

नवा संच जोडण्यापूर्वी एखादा साधा वायरचा फोन फायबरच्या मॉडेमवरील टेलिफोनच्या खाचेत लावावा आणि डायल टोन येतो का, हे ऐकावे. ही खाच इंटरनेटच्या खाचेपेक्षा अरुंद असते. टोन येत नसेल तर दोष जोडणीचा आहे, हे तेथेच स्पष्ट होते आणि नव्या संचावर विनाकारण संशय घेतला जात नाही. लाइन अजून तांब्याच्या तारेची असून तिच्यावरच ब्रॉडबँड चालत असेल, तर फोनच्या वाटेत स्प्लिटर, म्हणजे आवाज आणि इंटरनेट वेगळे करणारी छोटी डबी, असणे आवश्यक आहे. तो नसेल तर बोलताना सतत सूं असा आवाज येतो.

सेलांच्या बाबतीत घाई करू नये. संचासोबत येणारे सेल निकेल मेटल हायड्राइड प्रकारचे, १.२ व्होल्टचे आणि पुन्हा पुन्हा चार्ज होणारे असतात. घड्याळात किंवा रिमोटमध्ये घालतो ते साधे सेल हँडसेटमध्ये घालून तो चार्जरवर ठेवला तर सेल फुगण्याचा आणि त्यांतून द्रव गळण्याचा धोका असतो. पहिल्या वेळी पुस्तिकेत दिलेले तास पूर्ण होईपर्यंत, म्हणजे सहा-सात तास आणि काही संचांत त्याहूनही अधिक वेळ, हँडसेट चार्जरवरच राहू द्यावेत. संध्याकाळी ठेवून सकाळी उचलणे सोयीचे पडते.

दुसरी पायरी: बेसची जागा शोधणे

या कामाला एक पूर्ण सकाळ द्यावी, असा माझा आग्रह आहे. उघड्यावर तीनशे मीटर आणि घरात पन्नास मीटर, असे आकडे खोक्यावर छापलेले असतात. पण आमच्या घराच्या भिंती जांभ्या दगडाच्या आणि फूटभर जाडीच्या आहेत. अशा दोन भिंती आणि वरचा स्लॅब मध्ये आला की पन्नास मीटरांतले पंधराही उरत नाहीत. पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींची गतही निराळी नसावी.

बेस घराच्या शक्य तितक्या मध्यावर, कमरेपासून डोक्याच्या उंचीपर्यंत आणि उघड्या जागी ठेवावा. लोखंडी कपाट, फ्रिज, टीव्ही आणि इन्व्हर्टर यांच्यापासून तो दूर असावा आणि वाय-फायच्या मॉडेमपासून निदान एक मीटर अंतरावर असावा. मॉडेम बहुधा दाराजवळच्या कोपऱ्यात बसवलेला असतो आणि टेलिफोनची वायर आखूड असल्यामुळे बेसही तेथेच चिकटवून ठेवला जातो. आवाज तुटण्याच्या ज्या तक्रारी मी ऐकल्या, त्यांत हे कारण सर्वाधिक वेळा आढळले. दहा मीटरची टेलिफोन वायर थोड्या पैशांत मिळते. ती आणून बेस आत न्यावा.

जागा ठरली असे वाटले की चालून पाहावे. आम्ही हे असे केले: माझी बहीण मुंबईहून फोनवर होती आणि बाबा हँडसेट कानाला लावून ओटी, माजघर, स्वयंपाकघर, पडवी, माडी असे सावकाश फिरत एकोणतिसाचा पाढा म्हणत होते. पाढ्यात पुढचा शब्द ठाऊक असतो, त्यामुळे एखादा जरी गळला तरी ऐकणाऱ्याच्या तत्काळ लक्षात येते. ‘ऐकू येतंय का?’ असे विचारत फिरण्याने हे कळत नाही. बहीण जेथे ‘थांबा’ म्हणाली, तेथे मी खडूने जमिनीवर फुली मारली. पहिल्या फेरीत पाच फुल्या झाल्या आणि त्यांतल्या तीन स्वयंपाकघरात होत्या. बेस ओटीवरच्या कपाटाशेजारून काढून माजघरातल्या जिन्याखालच्या फळीवर ठेवला, तेव्हा पाचांची एक झाली. ती एक फुली न्हाणीच्या दाराशी आहे आणि तेथे कोणी बोलत उभे राहत नाही.

जागा बदलूनही एखाद्या खोलीत बेसचे संदेश पोहोचत नसतील तरच रिपीटरचा, म्हणजे ते संदेश पुढे पोहोचवणाऱ्या उपकरणाचा, विचार करावा, आणि तो आपल्या बेसला चालतो याची खात्री करूनच घ्यावा.

तिसरी पायरी: हँडसेट नोंदवणे आणि सेटिंग करणे

संचासोबत आलेले हँडसेट बहुधा कारखान्यातच बेसला नोंदवलेले असतात. नंतर घेतलेला हँडसेट नोंदवण्यासाठी बेसवरील शोध-बटण काही सेकंद दाबून धरावे लागते आणि लगेच हँडसेटच्या मेनूमधून नोंदणी निवडावी लागते. पिन विचारला तर अनेक संचांत तो सुरुवातीला ०००० असतो. नोंदणी झाली की प्रत्येक हँडसेटला ओटी, माडी, आई असे नाव द्यावे. इंटरकॉम वापरताना या नावांचा फार उपयोग होतो. स्वयंपाकघरातून माडीवर हाका मारणे आमच्याकडे जवळजवळ थांबले आहे.

फोन करणाऱ्याचा क्रमांक दिसत नसेल तर प्रथम ती सुविधा लाइनवर चालू आहे का, हे विचारावे. त्यानंतर संचातील कॉलर आयडीची, म्हणजे लाइनवरून येणारा क्रमांक ओळखण्याची, पद्धत बदलून पाहावी. डीटीएमएफ आणि एफएसके अशा दोन पद्धती प्रचलित आहेत आणि लाइनवर एक व संचात दुसरी असेल तर पडदा कोराच राहतो. क्रमांक दिसतो पण नाव येत नाही, ही त्यापुढची अडचण आहे. लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना १५ जानेवारी २०२१ पासून आधी शून्य लावावे लागते, म्हणून आपण यादीत क्रमांक शून्यासह साठवतो. येणारा क्रमांक मात्र शून्याविना दिसू शकतो आणि काही संच या दोहोंना निरनिराळे मानतात. अशा वेळी जवळच्या माणसांचे क्रमांक दोन्ही प्रकारे साठवावेत. नावांची यादी सर्व हँडसेटांना सामाईक आहे की प्रत्येकाची वेगळी, हेही पाहावे. वेगळी असेल तर एका हँडसेटवर ती नीट भरून बाकीच्यांवर पाठवण्याची सोय बहुधा मेनूत असते.

बहुतेक संचांच्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही. आईसाठी आम्ही स्पीड डायलवर पाच क्रमांक बसवले आणि १ – सुमन, २ – डॉक्टर असा ठळक अक्षरांतला कागद खाटेशेजारच्या भिंतीवर लावला. त्याच कागदावर खाली ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांकही लिहिले आहेत.

चौथी पायरी: वीज गेल्यावर काय

तांब्याच्या लाइनवरचा जुना फोन वीज गेली तरी चालत असे, कारण त्याला लागणारा सुमारे ४८ व्होल्टचा प्रवाह एक्स्चेंजकडूनच येत होता. कॉर्डलेस बेसला घरची वीज लागते आणि फायबरच्या मॉडेमलाही लागते. दोहोंपैकी एक जरी बंद पडला तरी फोन बंद होतो. हँडसेटांचे सेल भरलेले असतात म्हणून निदान इंटरकॉम चालेल, अशी अनेकांची समजूत असते. पण एका हँडसेटचा आवाज दुसऱ्याकडे बेसमधूनच जातो, त्यामुळे तोही चालत नाही. पहिल्याच पावसाळ्यात आम्हाला याचा अनुभव आला. रात्रभर वीज नव्हती आणि आई खाटेवरून बटण दाबत राहिली. माडीवर काहीच वाजले नाही.

म्हणून बेस आणि मॉडेम हे दोन्ही इन्व्हर्टरवरच्या पॉइंटला लावावेत. मॉडेमसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मॉडेमला चालतो, पण बेसचा अ‍ॅडॉप्टर बहुधा साडेपाच-साडेसहा व्होल्टचा असतो. दोन्ही पिना सारख्या दिसल्या तरी १२ व्होल्टची पिन बेसमध्ये घालू नये. तांब्याची लाइन अजून चालू असेल तर एक साधा वायरचा फोन तिच्यावर ठेवावा. विजा कडाडू लागण्यापूर्वीच बेसची टेलिफोनची वायर आणि अ‍ॅडॉप्टर दोन्ही काढून ठेवावेत; केवळ बटण बंद करणे पुरेसे नसते.

देखभाल

हँडसेट वापरून झाला की चार्जरवर ठेवण्याची सवय लावावी. घरातल्या सर्वांना ती लागायला महिनाभर जातो. तोवर उशीखाली गेलेला हँडसेट बेसवरील शोध-बटणाने वाजवून शोधता येतो. चार्जरवर दिवा लागत नसेल तर धातूच्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसाव्यात. दमट हवेत त्यांवर पुटे चढतात आणि हँडसेट जागेवर असूनही चार्ज होत नाही. स्वयंपाकघरातल्या हँडसेटच्या पट्ट्या तेलकट वाफेमुळे लवकर काळ्या पडतात, म्हणून आम्ही त्या दर पंधरा दिवसांनी पुसतो.

साधारण दीड-दोन वर्षांनी सेल दम सोडू लागतात. तेव्हा हँडसेट टाकून न देता त्याच प्रकारचे सेल दोन्ही एकदम बदलावेत. एक जुना आणि एक नवा असे मिसळू नयेत. सेल बदलल्याची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवावी. आईच्या हँडसेटवर अशा दोन तारखा झाल्या आहेत.