क्लाइंब रेट काढताना मी घातलेले दोन घोळ

विमानाचा परफॉर्मन्स नुकतंच शिकायला घेतलेल्यांसाठी लिहितोय, कारण मी केलेल्या चुका नंतरच्या बॅचची पोरंही करताना दिसतात.

विमान 1100 किलोचं, इंजिन 120 किलोवॉटचं, क्लाइंब रेट, म्हणजे विमान वर चढण्याचा वेग, काढा. मी सरळ 120 किलोवॉटला वजनाने, म्हणजे साधारण 10,800 न्यूटनने भागलं, 11 मीटर पर सेकंद आले, मिनिटाला जवळजवळ 2200 फूट, आणि मी खूश. सरांनी वही बघितली आणि म्हणाले, "अरे, हे विमान आहे की बिल्डिंगची लिफ्ट?"

खरंच होतं ते, लिफ्टला हवा कापत पुढे जायचं नसतं. इथे आधी प्रोपेलर आपला हिस्सा खातो, क्लाइंबच्या स्पीडला एफिशियन्सी 75 टक्के धरली तर 120 पैकी 90 च हातात पडतात, आणि त्यातले 50 एक किलोवॉट नुसतं ड्रॅगशी, म्हणजे हवेच्या विरोधाशी, झगडत त्या स्पीडला लेव्हल उडत राहण्यातच जातात. उरले 40. वर नेतात ते हेच 40, बाकी काही नाही. त्यांना वजनाने भागा, 3.7 मीटर पर सेकंद, म्हणजे 730 फूट पर मिनिट. लहान विमानाला शोभेल असा आकडा.

पण हे 50 आले कुठून? मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. त्याच स्पीडला थ्रॉटल बंद करून ग्लाइड करा आणि विमान किती वेगाने खाली येतंय ते बघा. आता ड्रॅगचं बिल उंची विकून भरलं जातंय, त्यामुळे वजन गुणिले सिंक रेट केलं की लागणारी पॉवर मिळते. मिनिटाला 900 फूट खाली म्हणजे 49-50 किलोवॉट. फुकट फिरणारा प्रोपेलर स्वतःचा थोडा ड्रॅग घालतो म्हणून आकडा जरा चढा येतो, तेवढं लक्षात ठेवा.

दुसरा घोळ प्रत्यक्ष फ्लाइटमध्ये. मी शेजारी स्टॉपवॉच घेऊन बसलो होतो, 30 सेकंदात अल्टिमीटरचा, म्हणजे उंची दाखवणाऱ्या यंत्राचा, काटा 515 फूट चढला, म्हणजे 1030 पर मिनिट! थिअरीच चुकीची आहे म्हणून मी मनात जाम भाव खाल्ला. उतरल्यावर इन्स्ट्रक्टरने एवढंच विचारलं, "सुरुवातीला स्पीड किती होता आणि शेवटी?" वहीत खाली लिहिलेलं होतं, 95 नॉट आणि 75 नॉट. म्हणजे काही उंची स्पीड गमावून घेतली होती, तेवढ्या भागात इंजिनाचं काही कर्तृत्व नाही. वेगाचा वर्ग भागिले 2g (g म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) हे दोन्ही स्पीडला काढा, 122 मीटर आणि 76 मीटर, फरक 46 मीटर म्हणजे 150 फूट. अर्ध्या मिनिटात 150 म्हणजे मिनिटाला 300, ते वजा केले की परत 730 च येतात की!

म्हणून उंचीत हा वेगाचा भाग मिळवून जी एनर्जी हाइट येते, ती किती वेगाने वाढतेय ते बघायचं, नुसत्या अल्टिमीटरवर जायचं नाही. ग्लायडरवाले तर व्हेरिओमीटरच (चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारं यंत्र) टोटल एनर्जीवाला लावतात, नाहीतर पायलटने स्टिक ओढली की काटा वर जातो आणि त्याला वाटतं थर्मल, म्हणजे वर जाणारा गरम हवेचा झोत, सापडला.

पुढच्या फ्लाइटला आधी स्पीड 75 वर बसू दिला, मगच स्टॉपवॉच दाबलं. 30 सेकंदात 360 फूट आले, म्हणजे मिनिटाला 720.