टोंगाचा ज्वालामुखी मुंबईच्या हवेत कसा शोधावा

१५ जानेवारी २०२२ च्या रात्री पॅसिफिकमधल्या एका ज्वालामुखीने उठवलेली हवेच्या दाबाची लाट आपल्या छपरांवरून गेली आणि कुणाला पत्ताही लागला नाही. हवेच्या नोंदीत मात्र ती आहे. शास्त्रज्ञ ती कशी शोधतात, हे घरी करून बघण्यासारखं आहे.

आधी वेळ लिहून घ्या. टोंगा या बेटांच्या देशाजवळचा हुंगा टोंगा-हुंगा हापाई हा ज्वालामुखी फुटला तेव्हा भारतात सकाळचे पावणेदहा झाले होते. मग अंतर मोजा, तेही पृथ्वीगोलावर दोरा ताणून. सपाट नकाशावर फसाल. मुंबई तिथून सुमारे १२,९०० किलोमीटर. दाबाची ही लाट, म्हणजे लँब लाट, तासाला साधारण ११०० ते ११५० किलोमीटर जाते. भागाकार करा आणि आलेले तास पावणेदहात मिळवा: रात्रीचे नऊ ते साडेनऊ.

आता त्या रात्रीच्या हवेच्या दाबाची नोंद मिळवा. तासातासाची उपयोगाची नाही, पाच-दहा मिनिटांची तरी हवी. गच्चीत हवामानयंत्र लावणाऱ्या हौशी मंडळींकडे ती सापडू शकते.

खरी मेख पुढे आहे. आपल्याकडे दाब रोजच सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढलेला असतो. म्हणजे लाट नेमकी चढणीवर आली! म्हणून आदल्या तीन-चार दिवसांची त्याच वेळांची सरासरी काढून वजा करा. मग सपाट झालेल्या रेषेवर एक-दोन हेक्टोपास्कलचा (हे दाबाचं एकक) टोकदार उंचवटा उठून दिसतो. तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा अंगावर काटा येतो.

तरी लगेच खूश होऊ नका, वादळी ढगही असा धक्का देतो. चेन्नईची नोंद बघा: तिथे लाट पाऊण-एक तास आधी यायला हवी. शिवाय पृथ्वीच्या उलट बाजूने निघालेली लाट मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाच्या आसपास पोचायला हवी. अणुचाचणीबंदीवर लक्ष ठेवणारी केंद्रंही अशाच वेळेच्या फरकावरून दिशा काढतात, फक्त कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजावरून. त्यांच्या ५३ केंद्रांनी हा उद्रेक टिपला.

राखेचा ढग किती उंच गेला, हे दाबावरून कळत नाही. त्यासाठी अंगठा समोर धरून आळीपाळीने डोळे मिटा. मागच्या भिंतीवर अंगठा सरकतो, आणि डोळ्यांच्या जितका जवळ तितका जास्त. जपानचा आणि अमेरिकेचा उपग्रह हे ते दोन डोळे. ढग सरकलेला दिसला त्यावरून उंची निघाली सुमारे ५८ किलोमीटर.