आयर्लंडचा इतिहास बघायला कोच टूर: निवड, आखणी आणि प्रत्यक्ष प्रवास

आयर्लंडची कोच टूर निवडताना बहुतेक जण आधी किंमत बघतात, मग ठिकाणं किती ते मोजतात. इतिहासासाठी जाणार असाल तर मोजायची गोष्ट वेगळी आहे. प्रत्येक ठिकाणी बसमधून उतरून पाय जमिनीवर किती मिनिटं राहणार, ते बघा. माहितीपत्रकातले शब्द नीट वाचले की हे कळतं. ‘प्रवेशासह भेट’ म्हणजे तिकीट काढून आत नेतात. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे दहा-पंधरा मिनिटं. ‘वाटेत दिसेल’ असं लिहिलं असेल तर बस थांबणार नाही, हे गृहीत धरा.

पैसे भरण्याआधी कंपनीकडून चार गोष्टींचं लेखी उत्तर घ्या. न्यूग्रेंज या अश्मयुगीन दफन-ढिगाऱ्याच्या आत, म्हणजे खोलीपर्यंत प्रवेश आहे की फक्त माहिती केंद्रापर्यंत? डब्लिनच्या किलमेनम तुरुंगाची तिकिटं आरक्षित होणार का? रॉक ऑफ कॅशेल या टेकडीवरच्या जुन्या चर्चसमूहाला किती वेळ आहे? आणि गाइड वेगळा आहे की ड्रायव्हरच गाइड? तिकडे ड्रायव्हर-गाइडची पद्धत सर्रास आहे आणि त्यातले बरेच जण उत्तम बोलतात. पण ठिकाणावर पोचल्यावर त्याला बस लावायला जावं लागतं, तो तुमच्याबरोबर आत येईलच असं नाही. म्हणून डब्लिन, डेरी, बेलफास्ट अशा शहरांत पायी फिरवणारा स्थानिक गाइड धरला आहे ना, ते विचारा.

हॉटेलंही मोजा. सात रात्रींना तीन, फार तर चार हॉटेलं असावीत. रोज हॉटेल बदललं की सकाळी सातला बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, संध्याकाळी पुन्हा चावी, खोली आणि सामान. यात रोजचा तास-दीड तास जातो आणि तो वेळ बघण्याच्या वेळातूनच कापला जातो.

व्हिसा, आणि उत्तरेची मेख

आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही. शेंगेन व्हिसावर तिथे जाता येत नाही. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याची प्रत काढून सही करायची आणि कागदपत्रांसह व्हिसा केंद्रात द्यायची. बोटांचे ठसे तिथेच घेतात. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, नोकरीचं किंवा व्यवसायाचं पत्र, टूरचा दिवसवार कार्यक्रम आणि प्रवास विमा हा गाभा. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला आठ आठवडे लागू शकतात, म्हणून शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. व्हिसा हातात येण्याआधी विमानाचं तिकीट काढू नका, असं तिथलं सरकारच सांगतं.

सगळ्यात जास्त गोंधळ उत्तरेबद्दल होतो. बेलफास्ट, डेरी आणि जायंट्स कॉजवे ही ठिकाणं उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये येतात. बस सीमा ओलांडते तेव्हा ना नाका असतो ना फाटक. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते आणि पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात, एवढंच. पण परवानगी लागतेच, आणि उत्तरेकडून येणाऱ्या बसमध्ये अधूनमधून कागदपत्रं तपासली जातात. भारतीय पासपोर्टवर ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजनेचा, म्हणजे ‘बीआयव्हीएस’ शेरा असलेला आयरिश व्हिसा मिळाला तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं. मात्र ज्या देशाने व्हिसा दिला, त्या देशात आधी उतरावं लागतं. व्हिसा हातात आला की हा शेरा आहे का ते लगेच बघा. नसेल तर उत्तरेचा भाग असलेल्या टूरसाठी ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागेल. उत्तरेत युरो सोडून पौंड चालतात आणि मोबाइल ब्रिटिश नेटवर्क पकडतो, त्यामुळे रोमिंगचा प्लॅन दोन्हीकडे चालणारा घ्या.

मार्ग

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी एका आठवड्यात दक्षिण आणि उत्तर दोन्ही कोंबू नयेत. दक्षिणेचा फेरा सात रात्रींत नीट बसतो: डब्लिन दोन, कॉर्क एक, किलार्नी दोन, गॉलवे दोन. पहिल्या दिवशी डब्लिन, दुसऱ्या दिवशी न्यूग्रेंजसाठी बॉइन खोरं. तिसऱ्या दिवशी ग्लेनडलॉक आणि कॅशेल करत कॉर्क. हा दिवस लांबतो, त्यामुळे सकाळी आठला बस निघालीच पाहिजे. चौथ्या दिवशी कोव बंदर बघून किलार्नी. पाचव्या दिवशी बहुतेक कंपन्या रिंग ऑफ केरीचा १८० किलोमीटरचा फेरा घालतात. तो सुंदर आहे, पण मुख्यतः निसर्ग आहे. निवड तुमच्या हातात असेल तर डिंगल द्वीपकल्प घ्या. तिथलं गॅलरस हे छोटं प्रार्थनागृह चुना न वापरता नुसते दगड रचून बांधलेलं आहे, उपड्या होडीसारखं दिसतं. सहाव्या दिवशी टार्बर्टहून फेरीबोटीने बससकट शॅनन नदी ओलांडायची. वीस मिनिटांच्या या फेरीमुळे लिमरिकचा मोठा वळसा वाचतो. मग समुद्रावरचे मोहरचे कडे आणि बरेनच्या खडकाळ पठारावरचं पोल्नाब्रोन हे अश्मयुगीन दफनस्थान बघत गॉलवे. शेवटच्या दिवशी डब्लिनला परतताना अर्ध्या वाटेवर क्लॉनमॅकनॉइजचा मठ.

डब्लिनहून एका दिवसात मोहर करून आणणाऱ्या टूर मिळतात. एका बाजूने २७० किलोमीटर म्हणजे दिवसाचे सात तास बसमध्ये. इतिहास बघायला गेलेल्याने त्या घेऊ नयेत.

मे, जून आणि सप्टेंबर हे महिने चांगले. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरात दुपारी सव्वाचारलाच अंधारतं आणि काही स्थळं हिवाळ्यात बंद असतात.

न्यूग्रेंजमध्ये काय बघायचं

न्यूग्रेंज इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचं आहे, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांपेक्षाही जुनं. सुमारे ८५ मीटर व्यासाचा हा ढिगारा आहे आणि त्याच्या पायाशी ९७ मोठे दगड आडवे मांडलेले आहेत. तुमची बस थेट तिथे जात नाही. माहिती केंद्रावर उतरून पायपुलावरून बॉइन नदी ओलांडायची आणि तिथून केंद्राच्या छोट्या बसने जायचं. सगळं मिळून अडीच-तीन तास लागतात. कार्यक्रमात दीड तास लिहिला असेल तर आत प्रवेश नाही असं समजा.

दारासमोरच्या शिळेवर वळणावळणांचं कोरीव काम आहे. घाईत सगळे तिच्या बाजूने पुढे जातात, तुम्ही आधी तिच्यापाशी थांबा. मग दाराच्या वर बघा. तिथे छताशी एक चौकोनी झरोका आहे. १९ ते २३ डिसेंबरच्या सुमारास, वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत, उगवत्या सूर्याची तिरीप याच झरोक्यातून शिरून १९ मीटरची वाट पार करते आणि खोलीच्या जमिनीवर पडते. सतरा मिनिटं उजेड राहतो. आत गाइड दिवे घालवून तीच तिरीप कृत्रिम प्रकाशाने दाखवते, तेव्हा मान वर करून छतही बघा. दगडावर दगड थोडाथोडा आत सरकवत सहा मीटर उंच चढवलेलं हे छत पाच हजार वर्षांत गळलेलं नाही.

वाट अरुंद आणि बुटकी आहे, एका ठिकाणी कमरेत वाकून कुशीने सरकावं लागतं. कोंदट जागेत घाबरणाऱ्यांनी रांगेत शेवटी राहावं, म्हणजे बाहेर पडणं सोपं जातं. पाठीवरची सॅक नेऊ नका. आत फोटो काढू देत नाहीत. आणि दर्शनी बाजूची पांढऱ्या गारगोटीची भिंत उत्खननानंतर १९७० च्या दशकात उभारलेली आहे. दगड तिथेच सापडलेले आहेत, पण भिंत मुळात अशीच उभी होती का, यावर अभ्यासकांत वाद आहे.

मठ आणि मनोरे

ग्लेनडलॉकला सहाव्या शतकात संत केविनने मठ स्थापला. तिथला गोल मनोरा सुमारे ३० मीटर उंच आहे, दुरून एखाद्या उंच दीपमाळेसारखा दिसतो. त्याचं दार जमिनीपासून साडेतीन मीटरवर आहे. व्हायकिंग लुटारू आले की शिडी वर ओढून लपायचं, ही गोष्ट प्रत्येक बसमध्ये ऐकायला मिळते. पण मनोऱ्यांचं आयरिश नाव ‘घंटाघर’ असं आहे आणि मुख्य काम तेच होतं. पाया उथळ असल्याने खाली भिंतीला भोक न पाडणं बांधकामालाही सोयीचं होतं. गाइडला याबद्दल विचारा, चांगला गाइड खुलून बोलतो.

कॅशेलला पार्किंगपासून चढ आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी दहा मिनिटं आधी निघावं. वर गेल्यावर ११३४ साली पावन केलेलं कॉर्मकचं चॅपल चुकवू नका. आतल्या भित्तिचित्रांचे अवशेष ओलाव्याने खराब होतात, म्हणून तिथे मोजक्या लोकांना वेगळ्या वेळेवर सोडतात. वर पोचल्याबरोबर आधी ती वेळ मिळवा, बाकीचं नंतर बघता येतं.

उपासमार

१८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला. गरिबांचं पोट जवळजवळ पूर्णपणे एकाच वाणाच्या बटाट्यावर होतं, त्यामुळे पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. त्याच काळात धान्य बाहेर जातच होतं. हे समजायला रॉसकॉमनमधलं स्ट्रोक्सटाउनचं दुष्काळ संग्रहालय सर्वांत चांगलं. गॉलवेच्या मोकळ्या दिवशी ते करता येतं. संग्रहालय जमलं नाही तरी पश्चिमेच्या डोंगरउतारांकडे संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघा. गवताखाली समांतर ओळी उठून दिसतात, आपल्याकडच्या सरी-वरंब्यांसारख्या. ते बटाट्याचे जुने वाफे आहेत. ज्यांनी ते घातले त्यांची घरं आता तिथे नाहीत. या जागेसाठी बसमध्ये खिडकी मिळाली तर सोडू नका.

नकाशात ‘कोभ’ असं वाचलं जाणारं बंदर म्हणजेच कोव. हजारो कुटुंबं इथूनच अमेरिकेला गेली. ११ एप्रिल १९१२ रोजी टायटॅनिकचा शेवटचा थांबा इथेच होता.

१९१६

किलमेनम तुरुंग फक्त तिथल्या गाइडबरोबरच बघता येतो, फेरी साधारण तासाभराची असते. तिकिटं २८ दिवस आधी ऑनलाइन खुली होतात आणि उन्हाळ्यात पटापट संपतात. टूरमध्ये नसेल तर तारीख मोजून स्वतः काढा. जुलैतही आत गारठा असतो, स्वेटर घालून जा.

२४ एप्रिल १९१६ रोजी पॅड्रिग पिअर्सने डब्लिनच्या मुख्य पोस्ट ऑफिससमोर प्रजासत्ताकाची घोषणा वाचली. ब्रिटिश सत्तेविरुद्धचा हा उठाव आठवड्याभरात मोडला गेला. ३ ते १२ मे दरम्यान उठावातल्या चौदा जणांना याच तुरुंगाच्या दगड फोडायच्या अंगणात गोळ्या घातल्या. अंगणात दोन क्रूस आहेत. एक तेरा जणांच्या जागी. दुसरा पलीकडच्या टोकाला, फाटकाजवळ. जखमी जेम्स कॉनलीला उभं राहता येत नव्हतं, म्हणून त्याला तिथे खुर्चीला बांधून मारलं. दोन्ही क्रूसांमधलं अंतर चालून बघा. मराठी माणसाला हा काळ परका नाही. त्याच एप्रिलमध्ये टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापली, आणि ‘होमरूल’ हा शब्द आयर्लंडच्या मागणीतूनच आला होता.

बसमधले दिवस

वेळेच्या बाबतीत ड्रायव्हर कडक असतो, कारण त्याला कायदा तसाच आहे. साडेचार तास चालवलं की पाऊण तास विश्रांती, दिवसाला नऊ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदाच दहा. सगळी नोंद यंत्रात होते. सकाळी चहासाठी गट वीस मिनिटं रेंगाळला, तर संध्याकाळचं शेवटचं ठिकाण कापलं जातं.

नावांच्या पाट्या वाचायला शिका, मग बसमधला वेळही कारणी लागतो. वर तिरप्या अक्षरांत आयरिश, खाली इंग्रजी. ‘डन’ म्हणजे गड, ‘किल’ म्हणजे बहुतेक ठिकाणी चर्च, ‘बॅली’ म्हणजे वस्ती, ‘नॉक’ म्हणजे टेकडी, ‘रॅथ’ म्हणजे मातीचा गोल तट. ग्लेनडलॉक म्हणजे दोन तळ्यांची दरी. बुद्रुक-खुर्द, गड-वाडी यांवरून गावाचा अंदाज बांधणाऱ्याला हे दोन दिवसांत जमतं.

छत्री मोहरच्या वाऱ्यात उलटी होते, टोपीचा रेनकोट घ्या. प्लग चपट्या तीन पिनांचा लागतो, आपला गोल पिनांचा बसत नाही. पेढे, तूप किंवा कोणताही दुधाचा पदार्थ सामानातून नेता येत नाही, मांसाचाही नाही. हापूसच्या पेटीलाही रीतसर प्रमाणपत्र लागतं. चिवडा, चकली, भडंग चालतं. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, आणि भाज्यांचं सूप मागवताना त्यात कोंबडीचा अर्क आहे का ते विचारा, बऱ्याचदा असतो.

टूर संपल्यावर डब्लिनमध्ये अर्धा दिवस ठेवाच. किल्डेअर स्ट्रीटवरच्या पुरातत्त्व संग्रहालयात दलदलीत दोन हजार वर्षांहून अधिक काळ टिकलेले मानवी देह आणि आर्डाचा चांदीचा चषक आहे. तिकीट नाही. पण रविवारी आणि सोमवारी ते दुपारी एक वाजता उघडतं, त्यामुळे टूर या दोन दिवसांपैकी एखाद्या दिवशी संपत असेल तर परतीचं विमान रात्रीचं घ्या.